कामावर गेलेल्यांची हजेरी

पत्र अकरा वर्षांपूर्वी आलं होतं आणि भाऊसाहेबांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. हरवलं असतं तर गोष्ट वेगळी. पण पत्र हरवलं नव्हतं आणि विसरलंही गेलं नव्हतं. ग्रंथालयाच्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर, कुणी कधी मागत नाही अशा शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात ते होतं. वर्षातून दोन-तीनदा, खोलीत कुणी नसताना, भाऊसाहेब स्टुलावर चढून ते काढत, वाचत आणि पुन्हा होतं तिथं ठेवत.

पत्र लहान होतं. ‘मी इथं शिलाईच्या कारखान्यात बाह्या जोडते. दोन वर्षं झाली. आपल्या कॉलेजात हजेरीला माझा सतरा नंबर अजून घेतात का? घेत असतील तर एक ओळ कळवा. घेत नसतील तरी कळवा.’ खाली सही आणि पाठीमागं पत्ता.

ते शेवटचं वाक्य भाऊसाहेब दर वेळी दोनदा वाचत. कारण नंबर घेत नव्हते, आणि तो त्यांनीच काढला होता.

कॉलेज लहान. कापसाच्या जिनचं बंद पडलेलं गोदाम, त्यात विटांच्या अर्ध्या भिंती घालून केलेल्या चार खोल्या, आणि जिथं पूर्वी कापूस तोलत त्या कोठीत ग्रंथालय. भिंती अर्ध्याच असल्यामुळं एका वर्गातलं अर्थशास्त्र दुसऱ्या वर्गातल्या कवितेत मिसळे. वारा सुटला की पत्र्याखालच्या तुळयांवरून अजूनही कापसाचे पुंजके खाली येत आणि मुलींच्या केसांत बसत. भाऊसाहेब तिथले कारकून, ग्रंथपाल, आणि शिपाई रजेवर असला की शिपाईसुद्धा. पस्तीस वर्षं झाली. एवढ्या काळात त्यांनी एकदाही वर्गात उभं राहून चार वाक्यं बोलली नव्हती. निरोप सांगायचा तरी दारात उभे राहत आणि चौकटीशी बोलत.

कॉलेज काढलं मोठ्या सरांनी. ते शाळामास्तर होते. त्यांच्याकडं शिकलेली पोरं शाळा संपली की पुढं शिकायला जायची कुठं, या प्रश्नानं त्यांचं डोकं उठलं होतं. निवृत्त झाल्यावर जिनच्या मालकाच्या दारात ते महिनाभर रोज जाऊन बसले. मालकानं कंटाळून गोदामाची किल्ली दिली असं म्हणतात. पहिल्या वर्षी अकरा जण आले. सुगी सुरू झाली आणि त्यातले सात गायब. सर चिडले, हजेरीबुक काखोटीला मारून शेताशेतांतून त्यांना शोधत निघाले. एका बांधावर एक पोरगी डोक्यावर भारा घेऊन येताना दिसली. सरांनी दरडावून विचारलं, “गैरहजर का?” तिनं भारा न उतरवताच सांगितलं, “गैरहजर कुठं सर? ही काय, कामावर आहे.”

सर बांधावर बसले. हजेरीबुकात हजर आणि गैरहजर असे दोनच शेरे होते. त्यांनी पेन काढलं आणि तिच्या नंबरापुढं लिहिलं, ‘कामावर’.

तेव्हापासून कॉलेजचा तो कायदा झाला. कामावर गेलेल्याचं नाव कापायचं नाही. पास झालेल्याचा नंबर नव्याला मिळे. कामावर गेलेल्याचा नंबर कुणालाच मिळत नसे. तो आज ना उद्या परत येणार, म्हणून रोज सकाळी पुकारायचा, आणि वर्गानं एका आवाजात म्हणायचं, “कामावर!” काही जण खरंच परत आले. एक बाई तर नऊ वर्षांनी आली आणि पास होऊन गेली. पण किती वर्षं वाट बघायची हे ठरवायचं मात्र मोठ्या सरांपासून कुणाच्याच ध्यानात आलं नाही. यादी वाढत गेली. नवी पोरं म्हणत, आमच्या वर्गात माणसांपेक्षा भुतं जास्त.

अकरा वर्षांपूर्वी मोठे सर अंथरुणाला खिळले होते, आणि वरून तपासणी येणार अशी आवई उठली. भाऊसाहेब घाबरले. पटावरचं एक तरी नाव कापलेलं दिसलं, तर पट साफ ठेवतात असं वाटेल, असा विचार त्यांनी केला. लाल पेन घेतलं, पट्टी घेतली. कुणाचं कापायचं? जिच्यामागं कुणी नाही, जिच्यासाठी खिडकीशी येऊन जाब विचारणारा बाप-भाऊ नाही, तिचं. सतरा. रेघ सरळ आली. तपासणी आलीच नाही. पंधरा दिवसांनी पत्र आलं.

सतरा हा नंबर पुढं त्यांनी कुणाला दिला नाही. सोळानंतर अठरा. मोठे सर गेले, त्यांची लेक प्राचार्य झाली, तीही तसंच पुकारू लागली. तिला वाटे, वडिलांच्या वेळचं काहीतरी असेल.

यंदा मात्र तपासनीस खरंच आला. तरुण, नीटनेटका, बोलायला गोड. खुर्ची पुढं केली तर तो बाकावर बसला आणि हजेरी संपेपर्यंत गप्प राहिला. मग म्हणाला, “पटावर चोपन्नपर्यंत नंबर आहेत. समोर एकवीस डोकी. बाकीचे?”

“कामावर,” प्राचार्यबाई म्हणाल्या.

“ते ऐकलं मी. उद्या येतील?”

बाईंनी भाऊसाहेबांकडं पाहिलं. भाऊसाहेबांनी पत्र्याकडं पाहिलं.

“हा आठ नंबर,” तपासनीसानं बोट ठेवलं. “कधीपासून कामावर आहे?”

“सव्वीस वर्षं झाली असतील,” भाऊसाहेब दाराच्या चौकटीला म्हणाले.

“सव्वीस वर्षं तुम्ही रोज याचं नाव पुकारता?”

“नंबर. नाव नाही. तेवढाच वेळ वाचतो.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. तपासनीसही हसला असता, पण सावरला. “बाई, आमच्याकडं याला खोटा पट म्हणतात.”

“आमच्याकडं वाट बघणं म्हणतात.”

“आमच्या फॉर्मात वाट बघण्याचा रकाना नाही हो.” त्यानं टोपण लावून पेन खिशात ठेवलं. “अंतिम वर्षाला तीस विद्यार्थी लागतात. दहा दिवसांनी मी परत येतो. ज्यांना खरंच परीक्षा द्यायची आहे त्यांनी इथं माझ्यासमोर बसून सही करायची. बाकीची नावं काढा. तीस भरले नाहीत तर अंतिम वर्ष बंद. मग हे एकवीसही दुसरीकडं जातील, आणि दुसरीकडं म्हणजे किती लांब हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.”

तो गेल्यावर ग्रंथालयात बाई, भाऊसाहेब आणि शिपाई यादी घेऊन बसले. कामावरचे बत्तीस. त्यांतले तीन वारलेले निघाले.

“म्हणजे मेलेल्यांनाही आपण रोज कामावर पाठवत होतो,” बाई म्हणाल्या.

“त्यांचं काम पक्कं झालं म्हणायचं,” शिपाई म्हणाला. बाईंनी डोळे वटारले, मग त्यांनाही हसू आलं आणि हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले. “नऊ जण पाहिजेत, भाऊसाहेब. लांबच्यांना मी गाठते. जवळपासचे तुम्ही बघा.”

“मला बोलता येत नाही, बाई.”

“तुम्हाला त्यांचे पत्ते येतात. ते पुरे.”

घरी दुसराच घोर होता. एकरभर कांदा उपटून शेतात पडला होता, पात कापायची बाकी होती आणि आभाळ भरून येत होतं. मुलगा मालगाडीवर ड्रायव्हर, तो महिना-महिना घरी नसे. शेतात राबायच्या दोघी: भाऊसाहेबांची बायको, जिला सगळं कॉलेज काकू म्हणे, आणि सून.

“नऊ माणसं शोधायची आहेत,” भाऊसाहेब चप्पल काढत म्हणाले.

“मलाही नऊच पाहिजेत,” काकू म्हणाल्या. “भिजला कांदा की सडला. तुमची कागदावरची माणसं शोधून झाली की दोन हाडामांसाचीही शोधा.”

सुनेनं पाण्याचा तांब्या त्यांच्या हाती दिला आणि न थांबता आत गेली.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब हजेरीबुक पिशवीत घालून निघाले. पहिला एकतीस नंबर, रस्त्यावरचा पंक्चरवाला. तो ट्रॅक्टरच्या भल्यामोठ्या चाकात अर्धा शिरून ट्यूब बाहेर ओढत होता. भाऊसाहेब दहा मिनिटं नुसते उभेच.

“हवा का पंक्चर?” आतून आवाज आला.

“सही.”

तो बाहेर आला. चौदा वर्षांत दाढी पिकली होती. “भाऊसाहेब! अहो, कसली सही?”

भाऊसाहेबांनी हजेरीबुक उघडून नुसतं बोट ठेवलं. पंक्चरवाल्यानं स्वतःचं नाव वाचलं. पुढं लिहिलेलं ‘कामावर’ वाचलं. पान उलटलं, आणखी उलटलं. दर पानावर तेच.

“रोज घेता?”

“रोज.”

“आणि वर्गातली पोरं म्हणतात, कामावर?”

“एका आवाजात.”

तो फडक्यानं हात पुसत राहिला. हात काही स्वच्छ होईनात. “मला वाटलं होतं, कधीच उडवलं असेल. ट्यूब पाण्यात बुडवली की बुडबुडा कुठून येतो ते मला कळतं, बाकी सगळं विसरलो, भाऊसाहेब. पास व्हायचा नाही मी.”

“पास व्हा असं तपासनीस म्हणाला नाही. या असं म्हणाला.”

“येतो,” तो म्हणाला. मग ओरडून शेजारच्या दुकानदाराला म्हणाला, “ऐकलं का रे? कॉलेजात आहे मी! नीट बोलायचं इथून पुढं!”

हा पहिला. पण सगळे असे नव्हते. एकानं चहा पाजला आणि नाव काढा म्हणून हात जोडले. एकीच्या नवऱ्यानं दारातूनच परतवून लावलं, “म्हातारपणी बायकांच्या सह्या गोळा करत फिरता?” भाऊसाहेब कानाच्या पाळ्यांपर्यंत तापले आणि गल्ली संपेपर्यंत वर बघितलं नाही. तीन दिवसांत सात घरं झाली आणि हातात होकार तो एकच. आभाळ आणखी खाली आलं.

चौथ्या दिवशी ते मुकादमीणबाईकडं गेले. ती बावीस नंबर. अठरा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा कॉलेज सोडून ती शेतमजुरीला लागली, आणि आज बारा बायकांची टोळी तिच्या शब्दावर उठे-बसे. टोळी एका शेतात भुईमूग उपटत होती. शेंगांची माती झटकल्याचा धपधप आवाज चालला होता.

“या भाऊसाहेब,” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. “काकूंनी पाठवलं ना? कांद्याला टोळी पाहिजे.”

“तीही पाहिजे. आधी सही पाहिजे.” पाठ केलेली चार वाक्यं त्यांनी कशीबशी म्हटली. बायकांनी हात थांबवले.

मुकादमीणबाईनं हजेरीबुक हातात घेतलं. स्वतःचा नंबर शोधला. बोट खाली खाली नेत गेली आणि एके ठिकाणी थांबली.

“त्रेचाळीस,” ती म्हणाली. “ही तुमची सूनबाईच ना? मागल्या साली आमच्याबरोबर खुरपायला होती, तेव्हा सांगत होती.”

“हो.”

“ती येणार आहे सहीला?”

भाऊसाहेब पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागले.

“विचारलं तरी का?”

कुणीतरी उगीच खोकलं.

“म्हणजे बघा बायांनो,” मुकादमीणबाई मोठ्यानं म्हणाली, “सहा वर्षं हे रोज सकाळी तिकडं ऐकतात, त्रेचाळीस कामावर. आणि काम कुणाच्या शेतात? यांच्याच! घरात दिवा आणि हे गावभर काडेपेटी मागत फिरतात.”

बायका हसल्या. त्या हसण्यात वैर नव्हतं, पण भाऊसाहेबांना पाय मातीत रुतल्यासारखे वाटले. ते हजेरीबुक परत मागायलाही धजले नाहीत. तिनंच ते पिशवीत घातलं आणि आवाज उतरवून म्हणाली, “तिचा होकार घेऊन या. मग मी येते सहीला. टोळीही आणते.”

ते घरी न जाता सरळ शेतात आले. सून पोत्यावर बसून विळ्यानं पात कापत होती, काकू कापलेला कांदा पाटीत भरत होत्या. भाऊसाहेब समोर उभे राहिले. इतर वेळी ते चौकटीशी बोलत, इथं उघड्या शेतात चौकट कुठून आणणार?

“तुझा नंबर त्रेचाळीस,” ते म्हणाले.

“माहीत आहे, बाबा.”

“रोज घेतात.”

“काय म्हणतात?”

“कामावर.”

तिनं एक कांदा उचलला, पात कापली, पाटीत टाकला. “खोटं नाही,” ती म्हणाली.

“मी कधी विचारलं नाही तुला.”

“नाही विचारलंत.” विळा चालूच होता. “पहिलं वर्षभर मला वाटायचं, आज विचाराल. तुम्ही कॉलेजातून यायचा. मी तांब्या हातात द्यायची आणि जरा थांबायची. तुम्ही म्हणायचा, कांद्याला पाणी दिलं का? मग एक दिवस मी थांबायची बंद झाले. तुमच्या लक्षातही आलं नाही.”

काकूंनी पाटी खाली ठेवली. “त्यांना एकट्याला कशाला बोलतेस? मीही नाही विचारलं. मला सोयीचं होतं ते. तू गेली असतीस तर हे सगळं माझ्या कमरेवर आलं असतं.”

वाऱ्यानं सुकलेली पात सरसर हलत होती.

“आता विचारतो,” भाऊसाहेब म्हणाले. “येशील परीक्षेला?”

“आणि कांदा?”

“कांदा मी कापतो.”

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि एवढा वेळ दाबून धरलेलं हसू फुटलं. सून डोळे पुसत म्हणाली, “तुम्ही पेन्सिलीला टोक करताना बोट कापून घेता, बाबा.”

पण ते खरंच बसले. पहिल्याच तासात अंगठा कापला. फडकं बांधून परत बसले. संध्याकाळी मान वळेना आणि बोटं मिटेनात. सुनेनं पेटीतून जुनी पुस्तकं काढली होती. ती वाचता वाचता भिंतीला टेकून झोपली. काकूंनी तिच्या मांडीवरचं पुस्तक उचललं आणि पानात कांद्याची सुकलेली पात घालून खूण ठेवली.

होकार सुनेनंच जाऊन सांगितला. मुकादमीणबाई शब्दाला जागली. सहाव्या दिवशी टोळी शेतात उतरली, पण तिची एक अट होती. दुपारी जेवणानंतर तासभर भाऊसाहेबांनी बांधावर बसून तिला आणि सुनेला शिकवायचं. पंक्चरवालाही तेवढ्यापुरता दुकानाला फळी लावून येईल.

“मी कारकून आहे,” भाऊसाहेब गयावया करत म्हणाले. “मी कधी शिकवलं नाही.”

“मी तरी कुठं कधी परीक्षा दिली? दोघं नवखे. बसा.”

भाऊसाहेबांनी अर्थशास्त्राचं पुस्तक नाकाशी धरलं आणि पुटपुटायला लागले.

“मोठ्यानं!” टोळीतली एक म्हातारी ओरडली. “कांद्याला शिकवता का आम्हाला?”

त्यांनी आवाज चढवला. पुस्तकात मागणी आणि पुरवठा होता. मुकादमीणबाईनं मध्येच थांबवलं, “म्हणजे सगळ्यांचा कांदा एकदम निघाला की कुणी विचारत नाही, तेच ना? एवढ्यासाठी दोन पानं?” भाऊसाहेबांनी पुस्तकात पाहिलं. तेच होतं. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि पस्तीस वर्षं अर्ध्या भिंतीपलीकडून कानावर पडत आलेलं सगळं हळूहळू सांगायला लागले. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं, की इतकं साठलं होतं. तास कधी संपला ते म्हातारीनं आठवण करून दिली तेव्हा कळलं.

आठव्या दिवशी दुपारी पावसानं गाठलंच. बायका धावल्या, सुनेनं ताडपत्री ओढली, भाऊसाहेब तिच्या दुसऱ्या टोकाला लटकले आणि वाऱ्यानं दोन पावलं फरफटत गेले. पाऊस अर्ध्या तासात थांबला. कोपऱ्यातला गाडाभर कांदा भिजला, बाकीचा वाचला. काकूंनी भिजलेला वेगळा पसरून ठेवला आणि म्हणाल्या, “एवढा आपण खाऊ.”

दहाव्या दिवशी सकाळी तपासनीस आला तेव्हा गोदामाच्या दारात चपलांचा ढीग होता. वर्गात जागा नव्हती. मुकादमीणबाई धुतलेल्या लुगड्यात, पण नखांतली माती तशीच. पंक्चरवाल्याच्या अंगात कधीकाळचा कोट. सून पहिल्या बाकावर. बाईंनी लांबून आणलेले सात जण भिंतीशी. नऊ पाहिजे होते, दहा आले होते.

तपासनीसानं स्वतः हजेरी घ्यायला सुरुवात केली. “आठ?”

“हजर!” भिंतीशी एक पूर्ण टक्कल पडलेला गवंडी उठून उभा राहिला. सव्वीस वर्षं मनात धरल्यासारखा तो शब्द त्यानं इतक्या जोरानं म्हटला, की तुळईवरचा कापूस खाली आला.

“तुम्ही आठ नंबर?”

“माझा मुलगा पहिल्या वर्षाला आहे. त्याला सांगू नका, मी मागं पडलोय.”

सगळा वर्ग हसला. तपासनीसानं या वेळी स्वतःला अडवलं नाही. तो पुढं पुकारत गेला, एकेक जण येऊन सही करत गेला. जे आले नाहीत त्यांच्या नावांवर बाईंनी स्वतःच्या हातानं रेघ ओढली. दर रेघेला त्या क्षणभर थांबत होत्या. शेवटी त्यानं मोजलं. “एकतीस. वर्ग राहील. तसं लिहितो मी.”

बाईंनी डोळे मिटले. पोरांनी बाक बडवले. तपासनीस हजेरीबुक मिटायला लागला.

तेव्हा गप्प राहणं किती सोपं होतं! भाऊसाहेब दारात होते, चौकटीला हात लावून. त्यांनी हात काढला आणि वर्गात आले, पुढं, फळ्यापर्यंत.

“सतरा राहिला,” ते म्हणाले.

“सतरा रिकामा आहे ना?” तपासनीसानं विचारलं.

“रिकामा नाही. मी कापला. अकरा वर्षांपूर्वी.” आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत होता. “ती कामावर होती. तुमच्यासारखं कुणी येणार म्हणून मी भ्यालो. तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं, म्हणून तिचाच कापला. तिनं पत्र पाठवून विचारलं, मी उत्तर दिलं नाही. या कॉलेजात वाट न बघता कापलेलं ते एकच नाव.”

बाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. इतकी वर्षं त्या सोळानंतर अठरा म्हणत आल्या होत्या.

“भाऊसाहेब,” तपासनीस सावकाश म्हणाला, “हे मी ऐकलं म्हणजे मला लिहावं लागेल. तुमच्या नावावर शेरा येईल. निवृत्तीला किती राहिली?”

“दोन वर्षं. लिहा.”

त्यानं लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग वर न बघता विचारलं, “तिची इच्छा काय आहे?”

“विचारायचं राहिलंय.”

“मग विचारा. परीक्षेचे अर्ज भरायला अजून दीड महिना आहे. आली तर बत्तिसावी.” आणि त्यानं पेन भाऊसाहेबांपुढं धरलं. “नाव परत तुम्ही लिहायचं. मी नाही.”

त्यांनी लिहिलं. आठवडाभर विळा धरलेल्या बोटांनी अक्षर वाकडं आलं.

घरी आल्यावर ते पत्र लिहायला बसले. ‘विलंबाबद्दल क्षमस्व’ पासून सुरुवात केली, मोठ्या सरांच्या आजारावर आले, त्या काळच्या परिस्थितीवर आले. चार पानं झाली. कागद सुनेपुढं ठेवले. तिनं कांद्याचा वास आलेले हात पुसून शांतपणे सगळं वाचलं.

“बाबा, तिनं काय विचारलं होतं?”

“नंबर घेतात का.”

“यात ते कुठं आहे?”

भाऊसाहेबांनी शोधलं. चौथ्या पानाच्या तळाशी, एका वाक्याच्या पोटात होतं. त्यांनी चारही पानं बाजूला ठेवली आणि नवा कागद घेतला.

‘अकरा वर्षं तुमचा नंबर घेतला नाही. तो मी काढला होता. दुसऱ्या कुणाची त्यात चूक नाही. आज तो परत लिहिला आहे आणि उद्या सकाळपासून घेतील. परीक्षेला बसायचं असेल तर दीड महिन्यात येऊन सही करावी लागेल. राहायला आमचं घर आहे. यायचं नसेल तरी कळवा.’

खाली त्यांनी सही केली. सुनेनं एकदा वाचून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर ते पोस्टात गेले. पोस्टमास्तरांनी पाकीट उलटंपालटं करून पत्ता वाचला.

“कारखान्याचा पत्ता दिसतोय. ताजा आहे ना?”

“अकरा वर्षांपूर्वीचा.”

“अहो, एवढ्यात कारखाने उठून जातात. माणसं जातात. परत आलं तर?”

“परत आलं तर मी स्वतः जाऊन शोधीन. पत्ते काढायची सवय झालीय आता.”

“साधं टाकू का रजिस्टर?”

“रजिस्टर,” भाऊसाहेब म्हणाले. “तिच्या हातात पडलं पाहिजे.”

पोस्टमास्तरांनी पावती फाडून दिली, शिक्का शाईवर दाबला आणि पाकिटावर मारला. पाकीट थैलीत पडेपर्यंत भाऊसाहेब खिडकीशी उभे होते. मग ते बाजूला झाले, कारण मागं रांग लागली होती.